एक विंचू की तीन? : सह्याद्रीतील लाल विंचवावरील एका शोधनिबंधाचे परीक्षण

विंचवाबद्दल मराठीत लिहिलेला कोणताही लेख उघडा. त्यात एक वाक्य हमखास सापडते : ‘विंचू हा जिवंत जीवाश्म आहे, गेल्या चाळीस कोटी वर्षांत तो बदललेला नाही.’ वर्गात आपणही हे वाक्य सांगतो. मुलांना ते आवडते, कारण त्यात एक थरार आहे. पण या वाक्यातला अर्धा भागच खरा आहे, आणि खोट्या अर्ध्या भागामुळे उत्क्रांती हा विषय मुलांच्या मनात उलटा रुजतो. ‘काही प्राणी बदलतात आणि काही बदलायचे थांबतात’ असा समज त्यातून तयार होतो. हा समज तपासायला एक चांगले साधन आपल्या अगदी जवळ आहे. ते म्हणजे कोकण, घाटमाथा आणि देश या तिन्ही भागांत आढळणारा लाल विंचू आणि त्याच्यावरचा एक छोटा शोधनिबंध.

बस्तवडे, डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २०१९ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय आहे लाल विंचवातील, म्हणजे ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ या जातीतील, जनुकीय विविधता. निबंध महत्त्वाचा आहे असे माझे मत आहे. मात्र तो जेवढे सांगतो त्यापेक्षा जास्त त्याच्या तोंडी घालण्याचा मोह होतो. म्हणून तो काय दाखवतो, काय सुचवतो आणि कशाबद्दल काहीच सांगत नाही, हे वेगवेगळे करून पाहू.

बाहेरून तोच, आतून वेगळा

आधी ‘जिवंत जीवाश्म’ या शब्दांचा समाचार घेऊ. सिल्युरियन कालखंडातले, सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे विंचवाचे जीवाश्म सापडले आहेत. पुढे दोन चिमटे, मागे वळणारी शेपटी आणि टोकाला नांगी हा एकूण आराखडा खरोखरच जुना आहे. पण आराखडा टिकून राहणे आणि प्राणी न बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाकांवर चालणारे वाहन हा आराखडाही हजारो वर्षांचा आहे. म्हणून बैलगाडी आणि मोटार एकच ठरत नाहीत. आज विंचवांच्या अडीच हजारांहून जास्त जाती माहीत आहेत. एकही बदल झाला नसता तर इतक्या जाती आल्या कुठून?

बदल दिसत नाहीत, कारण आपण बाहेरून पाहतो. निबंधाच्या लेखकांनी आत पाहिले. पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यातल्या ‘सीओआय’ या जनुकाचा काही भाग त्यांनी आठ ठिकाणच्या लाल विंचवांमधून वाचला. वाचणे म्हणजे त्या तुकड्यातील अ, ग, क, ट या चार रासायनिक अक्षरांचा क्रम ठरवणे. अशा एका विशिष्ट अक्षरक्रमाला हॅप्लोटाइप म्हणतात. त्यांना एकूण २२ हॅप्लोटाइप मिळाले.

निबंधात दोन आकडे दिले आहेत. ते वर्गात समजावून सांगण्याजोगे आहेत.

पहिला आकडा हॅप्लोटाइप विविधतेचा : ०.९४१. याचा अर्थ असा की गोळा केलेल्या विंचवांपैकी डोळे मिटून कोणतेही दोन उचलले, तर त्यांचे अक्षरक्रम वेगवेगळे असण्याची शक्यता ९४ टक्के. मुलांना हे मण्यांनी दाखवता येईल. पिशवीत पाच लाल आणि पाच निळे मणी ठेवा. एकापाठोपाठ दोन मणी काढले तर ते वेगळ्या रंगांचे असण्याची शक्यता ५/९, म्हणजे सुमारे ०.५६. दहाही मणी दहा रंगांचे असतील तर शक्यता १. लाल विंचवांची पिशवी दुसऱ्या प्रकारच्या बरीच जवळ आहे.

दुसरा आकडा न्यूक्लिओटाइड विविधतेचा : ०.०२३. कोणत्याही दोन विंचवांत दर हजार अक्षरांमागे सरासरी २३ अक्षरे वेगळी, असा त्याचा अर्थ. इथे एक सावधगिरी हवी. माणसामाणसांत दर हजारी साधारण एकच अक्षर वेगळे असते असे आपण पुस्तकात वाचलेले असते. मग विंचू माणसांपेक्षा तेवीस पट विविध, असे म्हणायचे का? नाही. माणसाचा तो आकडा केंद्रकातील डीएनएचा आहे आणि विंचवाचा तंतुकणिकांतील. तंतुकणिकांतील डीएनए प्राण्यांमध्ये सहसा बऱ्याच वेगाने बदलतो. वेगळ्या मापांनी मोजलेल्या उंचींची तुलना करता येत नाही, तसेच हे.

एक गोष्ट मात्र येथे फार छान दिसते. लेखकांना असे आढळले की या जनुकावर शुद्धीकरण करणाऱ्या निवडीचा परिणाम आहे. म्हणजे प्रथिनाला बिघडवणारे बदल गाळले जातात आणि प्रथिनाला धक्का न लावणारे बदल साठत राहतात. ‘न बदलणारा विंचू’ या समजाला याहून चांगले उत्तर नाही. जे सारखे दिसते ते बदल थांबल्यामुळेच सारखे राहिलेले असते असे नाही. उपद्रवी बदल पिढ्यानुपिढ्या काढून टाकले जातात म्हणूनही ते सारखे राहू शकते. स्थैर्य हेही नैसर्गिक निवडीचेच काम असू शकते.

पाऊस, डोंगर की अंतर?

निबंधाचा मुख्य निष्कर्ष पुढे आहे. आठ ठिकाणच्या विंचवांचे तीन गट पडतात आणि हे गट जास्त, मध्यम आणि कमी पावसाच्या प्रदेशांशी जुळतात. गटाच्या आत फरक कमी, गटागटांत जास्त. शाळेच्या भाषेत सांगायचे तर एका तुकडीतल्या मुलांचे गुण एकमेकांजवळ आणि तुकड्यातुकड्यांच्या सरासरीत मोठे अंतर, असे चित्र. हे चित्र एकाहून जास्त पद्धतींनी तपासून पाहिले आहे, हे निबंधाचे बळ आहे.

पण जुळणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. सह्याद्रीच्या नकाशाचा विचार करा. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला काही तासांच्या प्रवासावर असलेल्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात ५०० ते ६०० मिलिमीटर. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस कमी होतो. त्याच वेळी आपण डोंगराची भिंतही ओलांडतो. त्याच वेळी जांभा संपून काळा दगड सुरू होतो, झाडी बदलते, आणि दोन ठिकाणांमधले अंतरही वाढत जाते. हे सगळे एकाच दिशेने बदलते. मग विंचवांच्या जनुकांतील फरक पावसामुळे पडला, डोंगराच्या अडथळ्यामुळे पडला, की निव्वळ लांब राहिल्याने पडला? लांबच्या गावांतली बोली वेगळी होते. त्यासाठी मध्ये डोंगर असावाच लागतो असे नाही.

या तीन कारणांची गाठ सोडवायची तर नमुने वेगळ्या आखणीने घ्यावे लागतील. सारखाच पाऊस पण दूरची ठिकाणे, उदाहरणार्थ उत्तर आणि दक्षिण कोकण. जवळची ठिकाणे पण वेगळा पाऊस, उदाहरणार्थ एकाच घाटाचा माथा आणि पायथा. पहिल्या जोडीत फरक जास्त निघाला तर अंतराला महत्त्व, दुसऱ्या जोडीत जास्त निघाला तर पावसाला किंवा कड्याला. आठ ठिकाणांवर एवढा भार टाकणे योग्य नाही. ही पहिलीच पाहणी आहे असे लेखकांनीही म्हटले आहे. घाई करतो तो वाचणारा.

‘सह्याद्री उंचावला आणि विंचवांची ताटातूट झाली’ अशी गोष्ट रचण्याचा मोह तर आणखी मोठा. ती कालगणनेतच बसत नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पश्चिमेचा कडा त्यानंतर घडला, तरीही तो कोट्यवधी वर्षांचा आहे. एकाच जातीच्या आत हजारी २३ अक्षरांचा फरक पडायला इतका काळ लागत नाही. म्हणजे भिंत आधीपासून उभी होती आणि विंचवांचे पूर्वज ती कधीतरी, कुठूनतरी ओलांडून गेले. खरा प्रश्न भिंत केव्हा उभी राहिली हा नसून, ती ओलांडणे केव्हा सोपे आणि केव्हा अवघड होते हा आहे. विंचवाला पंख नाहीत. पिल्ले जिवंत जन्मतात, आईच्या पाठीवर बसतात आणि पुढे बहुधा आसपासच दगडांखाली आयुष्य काढतात. अशा प्राण्याला दाट, ओल्या जंगलाचा पट्टासुद्धा नदीइतका अडवू शकतो.

घड्याळ लावताना

मग हे गट किती वर्षांपूर्वी वेगळे झाले? निबंधाच्या सारांशात काळ दिलेला नाही, आणि हा संयम मला आवडला. पण वाचकाला गणित करण्याचा मोह होईल. संधिपाद प्राण्यांच्या तंतुकणिकांतील डीएनएत दोन शाखांमध्ये दर दहा लाख वर्षांना सुमारे २.३ टक्के फरक साठतो, असा अंदाज ब्राउअर यांनी १९९४ साली मांडला. तो खूप वापरला जातो. ०.०२३ म्हणजे २.३ टक्के. लगेच उत्तर : दहा लाख वर्षे!

हे उत्तर तीन ठिकाणी लंगडते. एक, ०.०२३ ही सगळ्या विंचवांची मिळून सरासरी आहे, दोन गटांमधील अंतर नव्हे. दोन, ब्राउअर यांचा वेग मोजक्या उदाहरणांवरून काढलेला आहे. कीटकांची पिढी काही आठवड्यांची असू शकते. विंचू प्रौढ व्हायला अनेक महिने, काही जातींत वर्षे लागतात. वेग निम्मा धरला तर उत्तर वीस लाख वर्षे होते. तीन, वेग ठरवायला कोणत्यातरी भूवैज्ञानिक घटनेचा आधार घ्यावा लागतो. भूमध्य समुद्राभोवतीच्या विंचवांसाठी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी उघडल्याचा आधार घेतला गेला आहे. आधार चांगला आहे. पण एखाद्या अभ्यासात डोंगराच्या वयावरून वेग काढायचा आणि पुढच्या अभ्यासात त्याच वेगावरून ‘डोंगरामुळेच विभागणी झाली हे सिद्ध झाले’ म्हणायचे, हे स्वतःच लिहिलेल्या दाखल्यावर स्वतःच सही करण्यासारखे आहे. असे निबंध वाचताना विद्यार्थ्यांनी पहिला प्रश्न विचारावा : घड्याळ कशावरून लावले?

दुसऱ्या डोंगरांतले दाखले

निबंधाचे मोल ठरवायला दुसरीकडची दोन कामे उपयोगी पडतात.

पहिले आल्प्स पर्वताचे. तेथील ‘यूस्कॉर्पियस जर्मेनस’ हा लहानसा, गडद रंगाचा विंचू बराच काळ एकच जात मानला जात होता. १९५० साली कापोरियाको या इटालियन संशोधकाने त्यात काही उपजाती केल्या, पण बाह्य लक्षणांवरून त्या ओळखणे कठीण होते. २००० साली गँटेनबाइन आणि सहकाऱ्यांनी तंतुकणिकांतील जनुक तर वाचलाच, शिवाय केंद्रकातील जनुकांनी बनवलेल्या प्रथिनांचे प्रकारही तपासले. दोन्ही साक्षी जुळल्या : आदिजे नदीच्या पूर्वेचे आणि पश्चिमेचे विंचू वेगवेगळे. पश्चिमेकडच्यांना ‘आल्फा’ ही स्वतंत्र जात मानले गेले. पुढे २०१९ साली याच गटातल्या विंचवांची गुणसूत्रे मोजली गेली. काहींच्या पेशींत पन्नासहून कमी, तर काहींच्या पेशींत जवळजवळ दुप्पट! बाहेरून ओळखू न येणाऱ्या विंचवांत इतका फरक. आता त्यांना ‘आल्पिस्कॉर्पियस’ ही वेगळी प्रजातीच दिली आहे. (पाठ्यपुस्तकांच्या जुन्या रूढीप्रमाणे मी येथे जाती आणि तिच्या वरच्या पायरीला प्रजाती म्हणतो आहे.)

दुसरे काम अमेरिकेच्या नैऋत्य भागातले. तेथे वाळवंटातून सुटे डोंगर वर येतात आणि त्यांच्या माथ्यांवर गारव्याला चिकटलेली जंगले आहेत. त्यांना ‘आकाशातली बेटे’ म्हणतात. त्या जंगलांत राहणाऱ्या ‘व्हीजोव्हिस’ प्रजातीच्या विंचवांचा अभ्यास ब्रायसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. डोंगरांवरची विभागणी हिमयुगांमुळेच झाली, हे उत्तर तोवर अनेकांच्या ओठांवर तयार असे. या अभ्यासात ती विभागणी हिमयुगांच्याही मागे, मायोसीन कालखंडाच्या अखेरीपर्यंत जाते असे दिसले. हिमयुगांनी भर घातली. पण सुरुवात त्यांनी केली नव्हती.

या दोन कामांशेजारी ठेवल्यावर आपल्या निबंधातली मोठी उणीव स्पष्ट होते : साक्षीदार एकच आहे. तंतुकणिकांतील डीएनए फक्त आईकडून येतो. अनेक जातींत विंचवीण आपल्या बिळाजवळ राहते आणि नर तिच्या शोधात भटकतो. समजा घाटाच्या दोन्ही बाजूंच्या माद्या कधीच हलल्या नाहीत, पण नर ये-जा करत राहिले. तर आईकडून येणारा जनुक ‘पूर्ण ताटातूट’ दाखवील आणि केंद्रकातील जनुके ‘छान मिसळण’ दाखवतील. दोन्ही खरे असेल. सासरी गेलेल्या मुलींची नोंद न ठेवणाऱ्या वंशावळीवरून दोन गावांत सोयरीकच नव्हती असे ठरवण्याइतकेच हे चुकीचे होईल. म्हणून ‘एक विंचू की तीन?’ या प्रश्नाचे उत्तर या निबंधावरून देता येत नाही. गटांच्या सीमेवर कोणते विंचू सापडतात, तिथे संकर होतो का, केंद्रकातील जनुके काय म्हणतात, हे पाहावे लागेल.

हा प्रश्न केवळ नावाचा नाही

नावावरून आपण इतके का भांडावे? लाल विंचवाला फॅब्रिशियसने १७९८ साली नाव दिल्यापासून तो ‘स्कॉर्पिओ’, ‘ब्यूथस’, ‘मेसोब्यूथस’ आणि आता ‘हॉटेन्टोटा’ अशा घरांतून फिरला आहे. पण नाव बदलले म्हणून दंश सौम्य होत नाही.

प्रश्न विषाचा आहे. न्यूटन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली कोकणातल्या आणि दख्खनच्या पठारावरच्या लाल विंचवांचे विष तपासले. विषातील पेप्टाइडांचा साचा दोन्हीकडे वेगळा निघाला. कोकणातील दंश अधिक घातक ठरतात असेही पूर्वीपासून नोंदले गेले आहे. यात दवाखान्याचे अंतर, दंश झालेल्याचे वय, उपचाराला लागलेला वेळ हेही मिसळलेले असणार; सगळा दोष विषाच्या साच्यावर टाकता येणार नाही. तरी विषात प्रदेशानुसार फरक आहे, आणि जनुकांतही प्रदेशानुसार गट आहेत, या दोन गोष्टी आता आपल्यासमोर आहेत. त्या दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे त्याच विंचवांचे विष आणि डीएनए एकत्र तपासल्याशिवाय कळणार नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरात आणले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल लिहिले. प्राझोसिन विषाला भिडत नाही. विषामुळे हृदय आणि रक्तवाहिन्यांवर जो ताण येतो त्याला ते आवर घालते. त्यामुळे विषाचा साचा थोडा इकडचा तिकडचा असला तरी ते उपयोगी पडेल अशी अपेक्षा ठेवता येते. प्रतिविषाचे तसे नाही. ते घोड्याच्या शरीरात विशिष्ट विषाविरुद्ध तयार केलेले असते. कुलूप बदलले तर किल्ली बदलावी लागते. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या बावस्करांच्या चाचणीत प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेले रुग्ण एकट्या प्राझोसिनवरील रुग्णांपेक्षा लवकर बरे झाले. म्हणजे प्रतिविषाची गरज आहे. मग ते कोणत्या भागातल्या विंचवांच्या विषापासून बनवले आणि दुसऱ्या भागात तितकेच चालते का, हा प्रश्न भाताचे भारे उचलणाऱ्या बाईच्या आणि अनवाणी फिरणाऱ्या मुलाच्या जिवाशी जोडलेला आहे. २२ हॅप्लोटाइपांची यादी कोरडी वाटते, पण तिचे दुसरे टोक तालुक्याच्या दवाखान्यात आहे.

वर्गासाठी

एकूण मत असे. निबंध नेमका आहे, त्याने पाया घातला आहे, आणि लाल विंचू ही एकसारखी, एकजिनसी जात नाही हे त्याने दाखवले आहे. तीन गट पावसाशी जुळतात हे त्याने सुचवले आहे; पावसामुळेच पडले हे अजून दाखवायचे आहे. जाती किती, गट केव्हा वेगळे झाले आणि विषाचा जनुकीय गटांशी काय संबंध, याबद्दल तो बोलत नाही. आपणही त्याच्या नावाने बोलू नये.

शिक्षकांना एक सुचवतो. नववी-दहावीच्या मुलांना महाराष्ट्राचा पर्जन्यमानाचा नकाशा द्या. त्यावर त्यांना आठ ठिकाणे निवडायला सांगा; अट अशी की त्या आठांवरून पाऊस, डोंगर आणि अंतर यांचा परिणाम वेगवेगळा करता आला पाहिजे. बहुतेक मुले आधी पश्चिम-पूर्व अशी सरळ रेषा काढतील. ती का पुरत नाही हे त्यांचे त्यांना सापडू द्या. विंचू गोळा करायला मात्र कोणालाही पाठवू नका. कोणाला दंश झालाच तर मंत्र, जडीबुटी यांत वेळ न दवडता थेट दवाखाना गाठायचा, हे त्याच तासाला सांगून ठेवा.

आणि फळ्यावर ‘विंचू चाळीस कोटी वर्षांत बदललेला नाही’ हे वाक्य लिहायची वेळ आली, तर त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढा. बाकीचे काम मुले करतील.